बोटभर फट

दानीएल भिंगारदिवेने स्वच्छ जागा मागितली होती. त्याला गोठ्यालगतचा खड्डा मिळाला.

खड्डा छातीभर खोल होता आणि वर फळ्या टाकून गाडी उभी करता येत होती, तेवढं ठीक होतं. पण गोठ्याची मोरी त्याच अंगाला उतरत होती. चार म्हशींचं मूत झिरपून तळाशी साचलं होतं आणि त्यावर कुणीतरी थुंकलेला तंबाखूचा चोथा तरंगत होता. दानीएलने सकाळी सहालाच ती घाण घमेल्यांनी उपसली, तळाला राख टाकली, राखेवर पोती अंथरली आणि साबणाने दोनदा हात धुतले. पाणी गाडीमालक तात्यांच्या आईने, आक्काबाईंनी, वरूनच ओतलं. चहाही आला, पण गोठ्याच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात. तो कप त्याच्यासाठीच ठेवलेला होता. कोनाड्यातून काढताना त्यातला कोळी कुणी झटकलाही नव्हता. दानीएलने चहा बाहेर मातीत ओतला आणि कामाला लागला.

गाडी अमेरिकन होती, फिक्या हिरव्या रंगाची आणि दोन बैलगाड्यांएवढी लांब. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीने वापरून विकलेली. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. सूर्यभान तात्या साखर कारखान्याचे संचालक, वाहतूक कमिटीचे चेअरमन. सबंध नगर जिल्ह्यात अशी दुसरी गाडी नाही, हे ते पाहुण्याला पाण्याच्या तांब्याआधी सांगायचे. मागच्या पावसाळ्यात ती नगरला बंद पडली. त्यांच्या ड्रायव्हरने, छगनने, ती ट्रॅक्टरच्या मागे बांधून तीस मैल ओढत आणली. इंजिन बंद आणि चाकं फिरतात, अशा वेळी या गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही. गावच्या वेशीला येईपर्यंत बॉक्स आतून जळून गेला होता. छगनला वास आला होता. ट्रॅक्टरचा असेल म्हणून त्याने नाकाला उपरणं बांधलं होतं.

तसला बॉक्स उघडून पाहिलेला माणूस आसपास एकच होता. दानीएल मूळचा तिसगावचा. तरुणपणी तो एका मिशन दवाखान्यात गाड्या धुवायला होता आणि तिथल्या अमेरिकन डॉक्टरने त्याला आपल्या गाडीखाली निजवून सगळं शिकवलं होतं. गेली अकरा वर्षं तो कारखान्याच्या गॅरेजमध्ये बदली कामगार होता. हंगाम संपला की काम संपायचं आणि खोलीही सोडावी लागायची. दर वैशाखात बायको, मरिया, भांडी पोत्यात भरायची आणि दर दिवाळीनंतर पुन्हा मांडायची. तात्यांनी शब्द दिला होता की गाडी चालती कर, फोरमनची कायम नेमणूक तुझी. पत्र टाइप होऊन, सही-शिक्क्यासह तात्यांच्या खिशात होतं. सदऱ्याच्या पातळ कापडातून त्याची घडी दिसायची.

बॉक्स त्याने चार खेपा घालून कुर्ल्याच्या भंगारातून शोधला. तसाच दुसरा मिळायचा नव्हता. खोलीत मरियाचं धुतलेलं लुगडं अंथरून त्याने तो उघडला, एकेक चकती रॉकेलने धुतली आणि आठ दिवस घरात केरसुणी फिरू दिली नाही. या बॉक्सला धुळीचा कणही चालत नाही, हे डॉक्टरांनी शिकवलेलं पहिलं वाक्य होतं.

बसवणी कारखान्याच्या गॅरेजमध्ये, सिमेंटच्या फरशीवर झाली असती. पण तात्यांना गाडी घरच्या दारातूनच निघायला हवी होती. गुरुजींनी गुरुवारी दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांची वेळ काढून दिली होती. त्या वेळेला गाडीने अंगण सोडून मारुतीच्या देवळाकडे जायचं. पुढे दोन महिने धड मुहूर्त नव्हता.

दहाच्या सुमाराला बॉक्स जॅकवर चढला. त्याच्या तोंडाशी कन्व्हर्टर नावाचा घागरीएवढा गोल डबा असतो. तो हाताने फिरवत फिरवत आत सरकवायचा. तो तीनदा अडतो, तीनदा बसतो. तिसऱ्यांदा बसला म्हणजे आतल्या तेलाच्या पंपात त्याच्या खाचा धरतात. दानीएलने तो बसवला होता, तिन्ही खटके कानाने मोजले होते. पण बॉक्स वर घेताना तो कलतोय असं वाटून हाताखाली खड्ड्यात उतरलेल्या छगनने मदत म्हणून त्या डब्यालाच हात घातला आणि ओढला.

बॉक्स इंजिनजवळ गेला आणि थांबला. मध्ये बोटभर फट राहिली. दानीएलने फटीत बोट घालून पाहिलं.

"खाली घ्या," तो म्हणाला. "कन्व्हर्टर सुटलाय. पुन्हा बसवावा लागेल."

"किती येळ?" वरून तात्यांनी विचारलं. ते खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले होते. पान चालू होतं.

"तासभर. उतरवायचा, बसवायचा, परत चढवायचा. मग पुढची जोडणी दोन तासांची."

तात्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आरं, फट केवढी ती!" छगन म्हणाला. "बोल्ट टाका आन् घ्या वडून. ट्रॅक्टरचा बॉक्स आमी असाच बसवतो. करकचून पिळला की बसतो गप."

"ट्रॅक्टरला चालतं. ह्याला नाही. आतला पंप फुटेल."

"मिस्तरी लई नाजूक हायेत," छगन फळीवरच्या गड्यांना म्हणाला. "दवाखान्यात शिकल्यात ना. बॉक्सला सुई टोचत्यात न्हवं?"

गडी हसले. तात्याही हसले आणि पिंक टाकली. ती खड्ड्याच्या कडेला, दानीएलच्या हातापासून वीतभरावर पडली. एक थेंब बॉक्सच्या कडेवर उडाला. दानीएलने तो फडक्याने पुसला. फडकं उलटं करून पुन्हा पुसला.

"दानेल," तात्या म्हणाले, "गावजेवन सांगितलंय. म्यानेजर येनार हाय. अन् तू मला तास शिकवतो? वड बोल्ट."

"तात्या, मोडेल. दुसरा बॉक्स मिळायचा नाही."

"तुला जमत न्हाई का? न्हाई तर छगन वडतो. मंग फोरमनबी छगनच व्हईल." त्यांनी खिशावर हलकेच थाप मारली. कागद वाजला.

छगनने लगेच हात पुढे केला. नखांत शेण होतं.

दानीएलने पाना त्याला दिला नाही. पुढे पुष्कळ दिवस तो स्वतःला सांगत राहिला, की छगनच्या हातात पाना जाऊ नये म्हणून आपण तो धरला. ते खरं नव्हतं. त्याला त्या खिशातला कागद हवा होता. त्याने सहा बोल्ट लावले आणि आळीपाळीने, सारख्या मापाने आवळायला घेतले. चुकीचं कामही तो नीट करत होता, याची त्याला शिसारी आली. फट निम्मी झाली. मग पाना जड लागू लागला. डॉक्टर म्हणायचे, बोल्ट धरून ठेवायला असतात, ओढायला नसतात. त्याने आणखी एक पीळ दिला.

आत खट् झालं. आवाज बारीक होता, सुपारी अडकित्त्यात फुटते तेवढा. पाना एकदम हलका झाला आणि फट मिटली.

"बसला!" छगन ओरडला. "म्हनलं न्हवतं?"

"शाबास," तात्या म्हणाले.

दानीएलने तो आवाज ओळखला. अजूनही बॉक्स उतरवून सांगता आलं असतं. त्याऐवजी त्याने पुढचे दोन तास सगळी जोडणी केली, मागचा दांडा, तेलाच्या नळ्या, गिअरच्या दांडीची सळई. प्रत्येक नट पुसून लावला. मोडलेल्या बॉक्सला त्याने कुठे ओरखडाही पडू दिला नाही. शेवटी मलमलीतून गाळून लाल तेल ओतलं.

"बया, रगतावानी दिसतंय," आक्काबाई म्हणाल्या आणि बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं.

बाराला गाडी खड्ड्यावरून ढकलून अंगणात घेतली. झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला. तात्या मागच्या सीटवर रेलले, शेजारी कारखान्याचे मॅनेजर. छगनने किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि खालून दळण भरडल्यासारखा आवाज सुरू झाला. बायकांनी कानांवर हात ठेवले. छगनने दांडी ओढली, अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं. गाडी जागची हलली नाही.

"तीन मिंटं राहिली," गुरुजी म्हणाले.

तात्यांनी काच खाली केली. "काय रं?"

"पंप मोडलाय," दानीएल म्हणाला. "दहा वाजताच मोडला."

"तुला म्हाईत हुतं?"

"ऐकला होता."

"अन् दोन तास गप ऱ्हायला?" तात्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. दानीएलला वाटलं, आता शिवी येईल, पत्र जाईल. त्याला ते हवंहवंसं वाटलं. पण तात्या हसू लागले, लाल दात दाखवत, पोट हलवत. "मंग लागलास की लायनीला! म्या म्हनत हुतो, हा मिशनवाला आपल्यात कसा जमायचा. साहेब, बघा, मानूस तयार झाला." मॅनेजरही हसले. तात्यांनी खिशातून पत्र काढून खिडकीबाहेर धरलं. "घे. आमचा शब्द मोडत न्हाई. बॉक्सचं बघू मागनं. गाडीनं अंगन सोडलं म्हंजे झालं. सांग गड्यांना ढकलायला, फोरमन."

अकरा वर्षं दानीएलने या कागदाचा विचार केला होता. हात धुऊन, टॉवेलला पुसून घ्यायचा, असं ठरवलं होतं. आता हात कोपरापर्यंत लाल तेलाने माखले होते आणि पाणी ओतायला कुणी मोकळं नव्हतं. त्याने पत्र तसंच घेतलं. शिक्क्यावर अंगठा उमटला.

"छगन, दांडी मोकळी कर," तो म्हणाला. मग गड्यांकडे वळला. "लावा रे हात."

ढोल वाजत होते, कुणाला ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

बारा अठराला गाडी हलली. आठ जण वाकून ढकलत होते, आत छगन हॉर्न वाजवत होता, आणि बॉक्सच्या तोंडातून लाल तेलाची धार अंगणभर मागे लांबत चालली होती. एका कुत्र्याने ती हुंगली, चाटली आणि तोंड वेडंवाकडं करून बाजूला झालं.