वहिनीचा डावा हात आणि माझा खोका

माझी वायर निसटली आणि अख्खं कडवं मी नुसतीच बोटं हलवत उभी राहिले. कुणाला पत्ता लागला नाही.

दादा पुढे गात होता, वहिनी कीबोर्डवर, माझा आतेभाऊ ठोक्या ड्रमवर आणि मी मागे बेस गिटार घेऊन. बेस म्हणजे चार जाड तारांचं ते वाद्य, जे लोकांना दिसतं पण त्याचं काम काय ते सांगता येत नाही. वाकून वायर पुन्हा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये खोचेपर्यंत कडवं संपलं होतं. चौघांच्या बँडमधला एक आवाज बंद पडला आणि उरलेल्या तिघांपैकी एकानंही मान वळवली नाही.

परतताना व्हॅनमध्ये मीच मूर्खासारखं ते सांगून टाकलं. वाटलं, हसतील. ठोक्या हसलाही. दादा हसला नाही.

"म्हणजे तू नसलीस तरी चालतं," तो म्हणाला.

"असं कुठं म्हटलं मी?"

"तू नाही म्हटलंस. पण झालं तेच ना? खालचे सूर तुझी वहिनी डाव्या हातानं धरतेच. मग व्हॅनमध्ये एवढी अडगळ कशाला कोंबायची?"

अडगळ म्हणजे माझा अ‍ॅम्प की मी, हे त्यानं सांगितलं नाही. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली.

"पुढचा कार्यक्रम कारखान्याच्या मेळाव्यात आहे. तिथं ऐकू आलीस तर राहा," दादा म्हणाला. "नाहीतर घरी वाजव. घरी कोण अडवतंय?"

हा बँड काढला तेव्हा बेस कुणालाच नको होता. दादाला गायचं होतं, ठोक्याला बडवायचं होतं, वहिनी लहानपणापासून पेटी शिकलेली. उरलं ते माझ्या गळ्यात मारलं. मी ते शिकले, बोटांना घट्टे पडेस्तोवर शिकले, आणि आता मला त्यावाचून करमत नाही. आता म्हणे अडगळ. मी घरातलं शेंडेफळ. जुने कपडे मला, मोडकी सायकल मला, आणि एखादी गोष्ट खरंच माझी झाली की ती घरात जास्तीची.

तरी त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. मी ऐकू येत नव्हते. माझा अ‍ॅम्प म्हणजे खोलीत बसून सराव करायचा डबा. तो स्टेजवर ठेवायचा म्हणजे वरातीत शिट्टी वाजवायची. मी ठोक्याला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेले.

दुकानात बेसच्या सामानाला सगळ्यात मागची खोली. तिथं खोके भिंतीला लावून रचलेले. पेटीसारखा छोटा अ‍ॅम्प वेगळा, स्पीकरचा खोका वेगळा, हवी ती जोडी जुळवा. एका खोक्यात एकच मोठा पंधरा इंची स्पीकर, दुसऱ्यात दहा इंचाचे चार. दुकानदारानं डोक्यावर चष्मा सरकवला होता आणि सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही असं ठरवून बसला होता.

"किती वॅट लागतील?" मी विचारलं.

"ताई, वॅटवर जाऊ नका."

"मग कशावर जाऊ?"

"कानावर जा."

असं म्हणून त्यानं पंधरा इंचीला अ‍ॅम्प जोडला. खालच्या सुरांचा नॉब भरपूर वर, तीक्ष्ण सुरांचाही वर, आणि मधला पार खाली. "वाजवा आता."

मी एक तार छेडली आणि खल्लास. फरशीतून आवाज पायात चढला. वरून काचेसारखी चमक. मी एक सूर वाजवत होते आणि वाटत होतं, आख्खी फिल्म चालू आहे. ठोक्यानं पोटावर हात ठेवला.

"बारके, पोटातलं पाणी हललं."

"घेऊ?"

"तू नाही घेतलास तर मी घेतो. मला वाजवता येत नाही, पण घेतो."

चार स्पीकरवाला खोकाही वाजवून बघितला, दोन मिनिटं, उपकार केल्यासारखा. कोरडा वाटला. पंधरा इंची अ‍ॅम्पसकट भाड्यानं घेतला, मेळाव्यापर्यंत. आवडला तर ठेवायचा, अशी बोली.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून फ्रेममध्ये बसवते. माणसं दिवसभर आरशासमोर मान वाकडी करून विचारतात, फ्रेम कशी दिसते. फ्रेममधून काय दिसतं ते कुणी विचारत नाही. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घालते. आणि स्वतः मात्र खोका पसंत करून शीळ घालत घरी आले.

आम्ही सराव करतो ती खोली छापखान्याच्या मागे आहे. भिंतीला लोखंडी कपाटं, कोपऱ्यात कागदाची रिळं. तो खोका आत न्यायला ठोक्या आणि मी दोघंही घामाघूम झालो. जोडला. एकटीनं एक सूर दिला. दादाच्या भुवया वर गेल्या. "अरे वा," तो म्हणाला. ही त्याच्याकडून मिळालेली या वर्षातली पहिली शाबासकी, आणि तीही खोक्याला.

मग सगळ्यांनी मिळून वाजवायला सुरुवात केली आणि मी गायब झाले.

कमी ऐकू आले असते तरी चाललं असतं. मी नव्हतेच. ठोक्याच्या मोठ्या ड्रमनं माझं तळातलं सगळं खाल्लं, झांजांनी वरची चमक खाल्ली, आणि मधे तर मी काही ठेवलंच नव्हतं. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. कपाटांची दारं थरथरायला लागली. ठोक्याच्या छोट्या ड्रमखालच्या तारा त्यानं हात न लावता झणझण करायला लागल्या.

वहिनीनं वाजवणं थांबवलं. "अगं, कपाटं हलतायत ती दिसतायत मला. तू कुठंयस?"

"मी वाजवतेय."

"घरघर येतेय. सूर येत नाही."

दादानं वहिनीकडे बघून डाव्या हाताची खूण केली, चालू ठेव म्हणून. मला वाटलं, गिटार उचलावी आणि त्याच्या डोक्यात घालावी. चार तारांची आहे, वजनदार आहे, एकदा तरी सगळ्यांना नीट ऐकू आली असती.

त्या दिवशी मला दुकानदाराचा राग येत होता, दादाचा येत होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही? मी काय एकटीचा कार्यक्रम करणार होते? दुकानाच्या त्या मागच्या खोलीत मी खोक्याला शांततेत ऐकलं. आमच्या स्टेजवर शांतता मिळणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी खोका परत दुकानात. ठोक्या सोबत, ड्रमच्या काड्या त्याच्या खिशात.

"काय झालं ताई? बिघडला?"

"बिघडला नाही. मला पुन्हा बघायचंय. पण या वेळी हा ड्रम वाजवेल, तुमच्या त्या शोभेच्या सेटवर. आणि हे तुमच्या मोठ्या स्पीकरवर लावा." मी मोबाइल पुढे केला. त्यात आमच्या सरावाचं रेकॉर्डिंग होतं. त्यात बेस नव्हता. म्हणजे मी होते, पण नव्हते. त्या खोक्याचा एवढा एकच उपयोग झाला.

"दुकानात असं कुणी करत नाही, ताई."

"म्हणूनच तुमचा माल परत येतो."

"बाकीच्या गिऱ्हाइकांना त्रास होईल."

ठोक्यानं मागे वळून बघितलं. खोलीत आम्ही तिघंच होतो. "कुठल्या?" त्यानं विचारलं आणि ड्रमच्या स्टुलावर जाऊन बसला.

दुकानदारानं दार लावून घेतलं. ठोक्या बडवायला लागला, दादाचा आवाज आणि वहिनीचा कीबोर्ड मोठ्या स्पीकरमधून यायला लागले, आणि मी त्या गोंगाटात एकेक खोका जोडून वाजवायला लागले. पंधरा इंची पुन्हा बुडाला. मग तो कोरडा, चार स्पीकरवाला घेतला. अ‍ॅम्पचे नॉब मी रागानंच उलटे फिरवले. खालचा कमी, वरचा कमी, मधला पार वर.

आणि मी आले. दादाच्या आवाजाच्या खाली, ड्रमच्या शेजारी, एकेक सूर सुटा. आवाज वाढवलेला नव्हता, कालच्या निम्मासुद्धा नव्हता.

"थांब," मी ठोक्याला म्हटलं. मोबाइल बंद केला आणि एकटीनं वाजवून बघितलं. भयंकर. सर्दी झालेली म्हैस पत्र्याच्या शेडमध्ये हंबरतेय, तसा.

"हाच द्या," मी म्हटलं.

"हा असाच?" दुकानदाराचा हात नॉबकडे गेला. "जरा गोड करून देतो."

"हात लावू नका."

कारखान्याचा मेळावा दुपारी, त्यांच्याच मोठ्या सभागृहात. सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या. मी एक टेबल ओढून आणलं आणि खोका त्यावर चढवला. इतके दिवस माझा अ‍ॅम्प जमिनीवर असायचा आणि माझ्या पोटऱ्यांना गाणं ऐकवायचा. मला ऐकू यायचं नाही म्हणून मी वाढवायची, आणि तो डबा नुसता फरफरायचा.

मग आवाजाची चाचणी सुरू झाली, आणि ती कशी करतात? एकेकाची. साउंडवाला सभागृहाच्या मधोमध सगळ्यांचे आवाज जुळवायचा मिक्सर लावून बसला होता. "ड्रम द्या." ठोक्यानं दिला. "कीबोर्ड." वहिनीनं दिला. "बेस द्या मॅडम."

म्हैस हंबरली. पहिल्या रांगेत बॅनर बांधणारा माणूस शिडीवरून खाली बघायला लागला.

दादा माइक सोडून माझ्याकडे आला. "हे काय आणलंस? तो आधीचा बरा होता की."

"एकटीला ऐकू नकोस. सगळे मिळून वाजवू, मग बोल."

"लोक हसतील."

"लोकांना मी एकटी ऐकू येणार नाहीये, दादा. मला एकटीला गाणंच कुठं दिलंयस तू?"

मी पुन्हा एक तार छेडली, तर बेसचा आवाज लोकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमध्ये गुळगुळीत झालेला. साउंडवाल्यानं परस्पर मधले सूर काढून टाकले होते आणि आता समाधानानं मान डोलवत होता. मी वायर काढली, गिटार तशीच गळ्यात ठेवून खाली उतरले आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"जे काढलंत ते परत घाला."

"मॅडम, असं कर्कश जाईल. मी रोज हेच करतो."

"रोज बेस ऐकू येतो का तुम्हाला?"

त्यानं थोडा विचार केला. "बेस काय ऐकायचा असतो का," तो म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे. मी तिथून हलले नाही. शेवटी कटकट नको म्हणून त्यानं घातलं.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या गाण्याच्या मुखड्यातच ठोक्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा ड्रम माझ्या सुरांवर येऊन बसला, जसा इतक्या वर्षांत कधी बसला नव्हता. खुर्च्यांवर बसलेली माणसं पाय हलवायला लागली. आणि त्याच वेळी मला आणखी काहीतरी ऐकू आलं. वहिनीचा डावा हात. ती माझ्याच जागी वाजवत होती, पण कडव्यात मी एका सुरावर जायची आणि ती दुसऱ्यावर. दोन्ही एकमेकांवर आदळत होते. इतके दिवस हे चालू असणार, फक्त मी बुडालेली असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वहिनीनंही ऐकलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डावा हात उचलून मांडीवर ठेवला. गाणं एकदम मोकळं झालं.

मध्यंतरात दादा पडद्यामागे आला. मला वाटलं, आता तरी एक चांगला शब्द.

"जरा कमी कर," तो म्हणाला.

ऐकू येत नाही म्हणून हाकलत होता. ऐकू आल्यावर पहिलं वाक्य हे.

"नाही करणार."

"मी गाताना तू मधे मधे येतेस. आधी असं नव्हतं होत."

"आधी मी नव्हतेच. तूच म्हणालास."

"बारके, वाद घालू नको. कमी कर. खालचं वहिनी बघेल."

"वहिनी नाही बघणार," वहिनी म्हणाली.

ती खुर्चीवर बसून डावं मनगट उजव्या हातानं चोळत होती. दादानं तिच्याकडे असं बघितलं जसं काही कीबोर्डच बोलला.

"तू मधेच हात का काढलास?" त्यानं विचारलं.

"दुखतो म्हणून. दोघांचं काम एका हातानं करते मी. तुला सांगितलं होतं."

"कधी?"

"कितीदा तरी. तू म्हणालास, बाम लाव." तिनं मनगट सोडलं. "ही वाजवतेय ते ऐकू येतंय आता. मी पुन्हा तिथं हात घालणार नाही. हिला काढायचं असेल तर काढ, पण मग खाली कुणीच नसेल. ते कसं लागतं ते तुझं तू गाऊन बघ."

मला तिचीही चीड आली होती, ती कुठं ठेवावी ते मला कळेना. व्हॅनमध्ये खिडकीबाहेर बघत बसली होती ना ही. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर माझी एवढी वणवण झाली नसती. पण ते मी नंतरसाठी ठेवलं.

दादा थोडा वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिला. "मला माझा आवाज ऐकू येत नाही," तो शेवटी म्हणाला, आणि तो पहिल्यांदाच जरा घाबरल्यासारखा वाटला.

"मग साउंडवाल्याला सांग, तुला ऐकायला तुझ्या पायाशी जो स्पीकर आहे तो वाढव म्हणून. मला कमी करून तू मोठा होणार नाहीस."

"आणि तो खोका? तो काय प्रत्येक वेळी टेबलावर चढवायचा?"

"प्रत्येक वेळी."

"मी नाही उचलणार."

"त्याला दोन बाजूंनी मुठी आहेत. एक मी धरेन. दुसरी तू."

तो 'बघू' म्हणाला. 'राहा' म्हणाला नाही, 'चुकलं' म्हणाला नाही. उठला आणि साउंडवाल्याकडे गेला. मी अजून चिडलेलीच होते. दुसऱ्या भागातलं पहिलं गाणं संथ होतं, त्यात दादाचा आवाज जवळजवळ एकटाच चालतो. मी ते जेवढं मोठ्यानं वाजवायला हवं तेवढंच वाजवलं. कडव्याच्या शेवटी तो श्वास घ्यायला थांबला, तेव्हा सभागृहात फक्त माझा सूर होता, आणि पुढची ओळ त्यानं तोच सूर धरून उचलली.