विहीणबाईंची भाषा

“परत म्हणा, मावशी. ‘गेल्दी’, आली. ‘गेल्मेदी’, आली नाही.”

शिंपीणबाईंनी म्हटलं आणि आ वासून बसल्या. इवलासा ‘मे’ मध्ये घुसतो आणि आलेल्या माणसाला परत पाठवतो! नोकरीसाठी तुर्की शिकणाऱ्या वर्गातल्या तरुणांना या क्रियापदांच्या शेपट्यांनी जेरीस आणलं होतं. बाई मात्र हरखून जात. एकामागून एक प्रत्यय जोडत जायचं, आणि प्रत्येकानं आधीच्या स्वराचं तोंड बघून आपला स्वर बदलायचा. केवढं शहाणपण!

“मास्तरीणबाई, ‘मला येता आलं नाही’ कसं म्हणायचं?”

“गेलेमेदिम.”

“एवढंच?”

“एवढंच. सगळं एका शब्दात.”

बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला. त्यांची लेक तिकडे, तुर्की सासरी, आजारी पडून गेली. प्रवासाची कागदपत्रं हातात यायच्या आत सगळं आटोपलं होतं. उशाशी होत्या त्या विहीणबाई. जावई बायकोकडून शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत फोनवर सांगे, “आई, झोपेत गेली. शांत.” जावई सोन्यासारखा, पण दुसऱ्याला लागेल असं काही त्याच्या तोंडून निघायचंच नाही. मागून विहीणबाई भडाभडा बोलत, हा दोनच वाक्यं सांगे. बाकीची कुठे जातात? बाईंना ती हवी होती.

मशीन चालवताना त्या प्रत्यय पुटपुटत. त्या नादात एकदा गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बाहीचं तोंडच शिवून टाकलं.

“आता हात बाहेर कसा येणार, मावशी?”

“गेलेमेदी! नाही येऊ शकला!” म्हणत बाई स्वतःच खो खो हसल्या.

उन्हाळ्यात जावयाबरोबर विहीणबाई आल्या. चहा झाला, जावई बॅगा आत ठेवायला गेला, तसा बाईंनी विहिणीचा हात धरला. पाठ केलेलं सगळं ऐनवेळी विसरायला झालं. एकच शब्द निघाला.

“गेलेमेदिम.”

विहीणबाईंचे डोळे भरून आले. मग लहान मुलाला घास भरवावा तशा त्या एकेक शब्द सावकाश बोलल्या. “उयुमादी. सेनी बेक्लेदी.”

झोपली नाही. तुझी वाट बघितली.

लेकीची शेवटची रात्र आज पहिल्यांदा बाईंच्या हाती आली होती, कुणीही काटछाट न करता. एवढं दुःख इतक्याशा शब्दांत मावलं कसं, याचं त्या रडतारडताही नवल करत होत्या.

जावई दारात आला आणि गडबडला. “आई, थांबा, मी नीट सांगतो.”

“नको रे बाळा, कळतंय मला,” बाई म्हणाल्या, आणि विहिणीचा हात न सोडता त्यांनी तिला विचारलं, “सोन्रा?”

मग पुढे?