हाललं!

शहेबाजभाईंच्या सिनेमातलं यंत्र मीच बनवलं होतं. त्यामुळे ते किती धोकादायक आहे हे मला नेमकं माहीत होतं: जास्त वेळ चालू ठेवलं, तर आतला हेअर ड्रायर तापून डोक्याला चटका बसायचा. बाकी सगळं निरुपद्रवी होतं. मोटारसायकलचं हेल्मेट, गणपतीच्या आराशीतले दिवे आणि टेलिफोनच्या वायरी. सिनेमात मात्र हे हेल्मेट बारावीचा अख्खा अभ्यासक्रम मेंदूत ओतायचं आणि मग पोरांना आपल्या ताब्यात घ्यायचं.

“शहेबाजभाई, मेंदूत माहिती अशी ओतता येत नाही,” मी म्हणाले. नुकतीच फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले होते. असल्या बाबतीत गप्प बसणं मला जमत नव्हतं.

“प्रियाबाई, हे लातूरला जाऊन सांगा. तिथं लोक पोरांना घेऊन क्लासपुढं लाईन लावून राहिले.”

म्हणून आम्ही लातूरला आलो.

शहेबाजभाई नांदेडात लग्नांचं शूटिंग करायचे. हा त्यांचा पहिला सिनेमा, थिएटरला न जाता थेट सीडीवर निघणारा. दुसऱ्या दिवसापासून लग्नसराई होती, म्हणजे कॅमेरा परत मांडवात जाणार होता. आणि मुख्य शॉट अजून राहिला होता: यंत्र बिघडतं, डोकी वितळायला लागतात आणि क्लासमधली सगळी पोरं जीव मुठीत धरून पळत सुटतात. तो शॉट नसता, तर सिनेमात हेल्मेट घातलेला एक माणूस नुसता उभा दिसला असता.

वीरण्णा सरांनी त्यांच्या क्लासचं आवार वापरायला दिलं, पोरं मात्र दिली नाहीत.

“माझी पोरं पळत नसतात, अभ्यास करतात. वर टेस्ट चालू हाय. आवाज आला की तुमचा कॅमेरा माझ्या कपाटात.”

शेवटी असं ठरलं, की मी, शहेबाजभाई आणि क्लासचा वॉचमन, तिघांनी शर्ट बदलून बदलून पळायचं. मला हे गणित पटत नव्हतं, पण दुसरं कोणतं जवळ नव्हतं.

कॅमेऱ्यावर दस्तगीरचाचा होते. जन्मभर बँडवाल्यांशेजारी उभं राहून त्यांना कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू येत नाही ते कुणालाच येत नसणार, अशा समजुतीने ते ओरडून बोलायचे. जिन्यासमोर स्टँड लावून त्यांनी डोळा कॅमेऱ्याला चिकटवला. दुष्ट शास्त्रज्ञ झालेला व्यंकटी, आमच्या कॉलेजातला नाटकवाला, हेल्मेट घालून उभा राहिला. दिवे लुकलुकायला लागले. तेवढ्यात गेटबाहेरून विटांचा ट्रक गेला आणि स्टँड थरथरला.

“हाललं!” चाचा ओरडले.

शहेबाजभाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने ‘काय झालं’ म्हणून खूण केली.

“अरे, हाललं ना! सगळंच हाललं!”

आमच्यासाठी याचा अर्थ एवढाच होता, की शॉट पुन्हा घ्यायचा. वरच्या पोरांसाठी तो तसा नव्हता. भूकंपाला नऊ वर्षं झाली होती. तेव्हा ती तिसरी-चौथीत असतील. हा शब्द लातुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सगळी एकदम उठली. बाकं सरकली आणि मजला खरोखरच हादरला. ज्यांना शंका होती त्यांनाही आता पुरावा मिळाला. जिन्यावरून लोंढा खाली आला. व्यंकटी जिन्याच्या पायथ्याशीच होता. डोक्याला चटका बसल्यामुळे तोही किंचाळत पोरांच्या पुढे पळाला.

चाचांना कोण का पळतंय हे कळलं नाही. पण रडती गर्दी अंगावर आली की कॅमेरा बंद करायचा नसतो, स्टँडवरून उचलून उलट्या पावलांनी मागे जात राहायचं असतं. नवरीच्या रुखसतीला ते जन्मभर हेच करत आले होते. गेटला पाठ टेकेपर्यंत त्यांनी शूटिंग केलं.

“भूकंप न्हाई! शूटिंग हाय, शूटिंग!” शहेबाजभाई हात जोडत सांगत सुटले. पोरं थांबली, हसली, शिव्या देऊ लागली. एक मुलगी मात्र सायकलींजवळ कानांवर हात ठेवून खाली बसली होती. रुद्राणी तिचं नाव, निलंग्याकडच्या गावची. शहेबाजभाईंचं हसू मावळलं. ते पाणी घेऊन तिच्याजवळ गेले.

“बेटा, चुकलं आमचं. तू म्हणशील तर आत्ता पुसून टाकतो.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच पुसणार होते.

वीरण्णा सरही खाली पोचले. “पुसायचं कशाला? कॅसेट माझ्याकडं द्या!”

“थांबा सर,” रुद्राणी उठली. “मला बघू द्या अगोदर.”

चाचांनी कॅमेऱ्यातली कॅसेट मागे फिरवली. तिने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“मीच पयली हाय,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या अगोदर बाहेर! पुन्हा लावा.”

“अन् पुसायचं?” शहेबाजभाईंनी हळूच विचारलं.

“पुसता कशाला? आईला दाखवायचंय मला.”

मग बाकीच्यांनी आपापला नंबर बघायला रांग लावली. सरांनी रांग मोडून डोळा लावला. आधी कपाळावर आठ्या होत्या, मग हळूहळू त्या गेल्या.

“हे बघा!” ते आमच्याकडे वळले. “जीव चालला तरी एकानंही पेपर खाली टाकला न्हाई! अन् मागं क्लासचा बोर्ड कसा ठळक आलाय. ठेवा हे. मला एक कॉपी पाहिजे, केबलवर लावतो.”

“जरूर सर,” शहेबाजभाई अदबीने म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेतलं. “सिनेमात या बोर्डाखाली पोरांची डोकी वितळतात, हे सरांना सांगितलंय का?”

“त्यांनी विचारलं का?”

सर अजून विचारात होते. “ते हेल्मेटवाले साहेब कोण? शास्त्रज्ञ ना?”

“हाव, मोठे शास्त्रज्ञ.”

“मग त्यांना आमच्या बोर्डाखाली उभं करा की! यंत्र इथंच तयार झालं, असं दाखवा.” त्यांनी व्यंकटीला हाताला धरून बोर्डाखाली आणलं, डोक्यावरचं हेल्मेट सरळ केलं आणि लांबून पाहिलं. “जरा डावीकडं सरका, साहेब. फोन नंबर झाकायलाय.”