चमचाभर दही-साखर

चित्राने डब्यातलं दही ढवळलं आणि समोर आलेल्या तळहातावर चमचाभर घातलं.

"हं, पुढची!"

मैदानाच्या फाटकाशी मुली ओळीने उभ्या होत्या. एकेक जण दही-साखर चाटून, कमरेत वाकून "ओकासान, आरिगातो", म्हणजे "आई, थँक्यू", म्हणत आत पळत होती.

हे खूळ एप्रिलपासूनचं. कॉलेजांच्या फुटबॉल लीगच्या पहिल्याच सामन्याला लेक ईश्वरी दही-साखर न घेता घराबाहेर पडली, तेव्हा चित्रा डबा घेऊन टोकियोतल्या फुनाबोरीच्या घरून थेट मैदानावर धडकली होती. पण जपानात एकटीच्या हातावर काही ठेवायची सोय नाही. आणाल ते सगळ्या टीमला! मग काय, तिने सगळ्यांनाच वाढलं. त्या दिवशी या नवख्या पोरींनी गेल्या वर्षीच्या विजेत्यांना धूळ चारली, आणि तेव्हापासून दह्याशिवाय एक जण मैदानात उतरायला तयार नाही. खालच्या विभागातून वर आलेली ही टीम पुन्हा खाली जाणार, असं जो तो म्हणत होता. आता लीगचा शेवटचा सामना उरला होता. आज जिंकल्या, की राष्ट्रीय स्पर्धेत. आणि जिंकणार, यात चित्राला तसूभरही शंका नव्हती. गोलमध्ये तिची लेक उभी राहणार होती ना!

पुढचा हात आला तो पिवळ्या बाहीतून. गोलकीपरची एक नंबरची जर्सी. वर पाहिलं तर दुसऱ्या वर्षाची मिओ, ताडमाड उंच, चेहरा पांढराफटक. तिच्या मागे ईश्वरी ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात ढोल अडकवून.

चित्राचा चमचा हवेतच राहिला.

"ईशू, हे काय? तुझी जर्सी हिच्या अंगावर कशी?"

"आज मिओ खेळणार आहे, आई. मी स्टँडमध्ये."

"कोण म्हणालं? तुझा तो कोच? थांब, बघतेच त्याच्याकडे."

"कोच नाही गं. आमच्याकडे टीम चौथ्या वर्षाच्या मुली ठरवतात. शेवटचा शब्द कॅप्टनचा."

"मग त्या कॅप्टनलाच विचारते, की अख्खा सीझन जिने..."

कॅप्टन ईश्वरीच होती.

"समोरच्या टीमचे कॉर्नर फार उंच येतात," ईश्वरी म्हणाली. "व्हिडिओ दहादा बघितला. माझा हात तिथे पोचत नाही. मिओचा पोचतो."

"अगं, पण चार वर्षं घाम गाळलास तू!"

"म्हणूनच हरायचं नाहीये." मग हळूच, "आई, वाढ ना तिला. साखर जरा जास्त. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या."

मिओचा हात अजून पुढेच होता. चित्राने वाढलं. पण अर्धाच चमचा.

सामना सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत एक साधासा फटका मिओच्या हातातून निसटून आत गेला. चित्राला बरं वाटलं. हो, चक्क बरं वाटलं. घ्या, भोगा आता! आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची अशी लाज वाटली, की तिने मान खाली घातली.

"दोनमाई, मिओ! दोनमाई!" शेजारी ईश्वरी घसा फोडून ओरडत होती. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. ढोल असा बडवत होती, की चित्राच्या छातीत धडधडायला लागलं.

मध्यंतरानंतर बरोबरी झाली. मग दुसरा गोल चढवला आणि समोरची टीम चवताळली. शेवटी शेवटी तर कॉर्नरवर कॉर्नर. प्रत्येक वेळी मिओ त्या गर्दीतून वर झेपावायची आणि बॉल छातीशी कवटाळून खाली यायची. शेवटचा तर सगळ्यांच्या डोक्यांवरून असा आला, की चित्रा उठून उभीच राहिली. मिओने तो बोटांच्या टोकांनी बाहेर ढकलला. फुटबॉलमधलं चित्राला फारसं कळत नाही, पण लेकीचा हात कुठवर पोचतो, हे आईला कळतं.

शिट्टी वाजली. मुली रडत-हसत धावत आल्या, स्टँडसमोर ओळीने उभ्या राहून वाकल्या. बाकीच्या सरळ झाल्या तरी मिओ वाकलेलीच.

"जा ना खाली त्यांच्यात," चित्रा म्हणाली.

"आज मी इकडची आहे," ईश्वरी म्हणाली आणि खाली उभ्या असलेल्या टीमसमोर तीही कमरेतून वाकली. सरळ झाली ती पाठमोरी होऊन. बाहीने तोंड पुसत, पुसत, मग दोन्ही हातांनी झाकून घेत.

चित्रा उठणार, तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसच्या कामासाठी मुंबईला गेलेला तिचा नवरा, यतीन.

"काय झालं गं? जिंकल्या?"

"दोन-एक. राष्ट्रीय स्पर्धेत गेल्या."

"वा! आणि आपली वाघीण? कशी खेळली?"

चित्राने लेकीच्या हलणाऱ्या खांद्यांकडे पाहिलं.

"आज तिच्याइतकं छान कुणीच खेळलं नाही," ती म्हणाली.