घरचं आणि नंतर

माझा नवरा तुषार कामशेतला लग्नांचं शूटिंग करायचा. हळद असो, साखरपुडा असो, कॅमेरा खांद्यावर टाकून हा हजर. घरी काही काम सांगितलं की मात्र एकच उत्तर, ‘नंतर’. गॅस लावायचा, नंतर. छकुलीचं बारसं दाखव ना रे, नंतर. त्या शब्दावरून मी त्याला इतकं टोचून बोलायचे की सासूबाई स्वयंपाकघरातून हसायच्या.

छकुली रांगायला लागली आणि तुषार जुन्या हायवेवर एका ट्रकखाली गेला. बरोबरचा फोनही गेला. मागे राहिला कॅमेरा आणि हार्ड डिस्कांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

आता छकुली चार वर्षांची झालीय आणि विचारते, पप्पा कसे बोलायचे? मी काय सांगणार? दुसऱ्यांचे चेहरे टिपण्यात जन्म घालवलेल्या माणसाचे माझ्याकडे मोजके फोटो, तेही मुके. एकदाच तो कॅमेऱ्यासमोर आला होता, छकुलीच्या बारशाला. कॅमेरा स्टँडवर लावला, लेकीला मांडीवर घेतलं आणि तिच्याशी काहीबाही बोलत बसला. मला ते बारसं हवं होतं. बाकी डबा राहो न राहो.

माझा दीर गौरव तळेगावच्या कंपनीत कॉम्प्युटरचं बघतो. त्याने एक काळी पेटी आणून वायफायला जोडली. म्हणाला, वहिनी, सगळं यात उतरवू, म्हणजे घरातल्या टीव्हीवर बघता येईल. पेटीत दोन डिस्क होत्या, पण एकीवर ठेवलेलं दुसरीवरही राहणार, एक बिघडली तर दुसरी हाताशी. त्यामुळे जागा निम्मीच. सगळं मावणार नव्हतं, निवडावं लागणार होतं.

तुषारने फोल्डरना नावं मोठ्या झोकात दिली होती. बहुतेक गिऱ्हाइकांच्या आडनावांची. काहींचं नाव ‘घरचं’, काहींचं ‘नंतर’. ‘नंतर’मधलं एक उघडलं तर कुणाची तरी हळद, आवाज न लावलेली, अर्धवट. म्हटलं, हे लोकांचं राहिलेलं काम. आणि मी गौरवला ठामपणे सांगितलं, घरचं तेवढं घे, बाकी पूस. त्याने पुन्हा विचारलं, तर मी वैतागले. माझ्या नवऱ्याला मी ओळखत नाही का?

रिकाम्या झालेल्या डिस्का पडून कशाला ठेवायच्या, म्हणून त्या लोणावळ्याच्या करणला दिल्या. करण तुषारच्या हाताखाली शिकलेला. भुशी धरणावर येणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ काढतो. सीझन जोरात होता, त्यालाही जागा कमी पडत होती.

मग आम्ही टीव्हीसमोर बसलो. छकुली नवा फ्रॉक घालून. पहिलं ‘घरचं’ उघडलं, ती कुणाची वरात. दुसरं, घोरावाडीच्या कुणाचा साखरपुडा. एकही चेहरा आमच्या घरातला नाही. तेव्हा कुठे मला आठवलं, ओळखीचा माणूस पैसे काढायला लागला की तुषार हात धरून म्हणायचा, ‘राहू द्या हो, घरचंच काम आहे.’ ती ही सगळी घरची कामं. फुकटातली.

शेवटचं लग्न वडिवळ्याच्या गेणू आबांच्या नातवाचं. आबा पंगतीत उभे राहून कॅमेऱ्याकडे बोट नाचवत होते.

“घरचं काम म्हून मागं नको ठिवू बरं का. आमास्नी लवकर दे.”

आणि कॅमेऱ्यामागून तुषार बोलला. तीन वर्षांनी तो आवाज घरात आला.

“तुमचं लवकर देतो आबा. माझ्या पोरीचं बारसं बघा, अजून ‘नंतर’मधीच पडलंय.”

आबा हसले. तुषारही हसला. गौरवने टीव्ही थांबवला आणि माझ्याकडे न बघता गाडीची किल्ली उचलली.

तो लोणावळ्याहून परत आला तेव्हा त्याच्या हातात ‘नंतर’वाली डिस्क होती. करण रडला म्हणे. पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर गौरवने लावलं. बरीच नावं वर आली, त्यात ‘छकुली बारसं’ हेही होतं. मी हात जोडले. त्याने ते उघडलं. पडद्यावर भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं आणि कुणी अनोळखी पोरं एकमेकांना भिजवत खिदळत होती. नाव तेवढं आमचं उरलं होतं, त्यावर चित्र दुसऱ्याचं बसलं होतं. गौरव बराच वेळ खटपट करत राहिला. मी त्याला थांब म्हटलं. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि ती मला जन्मभर सलणार आहे.

छकुलीला यातलं काही कळलं नाही. तिला पप्पांचा आवाज मिळाला. गेणू आबांची ती पंगत ती रोज लावते, पुन्हा पुन्हा, ओठ हलवत. ते एवढंसं बोलणं तिला पाठ झालंय, हेलासकट.

काल भात वाढून मी तिला हाक मारली. टीव्हीवरून नजर न काढता ती म्हणाली, “नंतर.” अगदी त्याच्यासारखं, ‘नं’वर रेंगाळून.

त्याला या शब्दावरून मी किती बोलले. तिला मात्र मला काही बोलवेना. भात झाकून ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.