वायरमनची दुसरी ओळ

टेलरबाई रडत नव्हत्या, ही आता अख्ख्या गल्लीची अडचण होऊन बसली होती. त्यांचे यजमान, गल्लीचे वायरमन, गेले; माणसं आली, भेटून गेली. धाकटी बहीण तर मुक्कामाला राहून गेली आणि जाताना भाच्याला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला एकदा रडव रे बाबा. आत साठून राहिलं की बरं नसतं." आता सख्ख्या आईला रडवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र तिने सांगितलं नाही. बिचाऱ्या मुलाने एक दिवस बाबांचा चष्मा आईपुढे आणून ठेवला. टेलरबाईंनी पदराने काचा पुसल्या, चष्मा कपाटात ठेवला आणि विचारलं, "भाजी कुठली करू?"

दुःख दाबून ठेवलं होतं असंही नाही. काही नव्हतंच, हे खरं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं. हात तेवढे चालत होते. हातांना बहुतेक कोणी कळवलंच नव्हतं.

पण हात चालवायचे तर शिलाई मशीन हवं, आणि मशीनला जागा हवी. घोडं तिथेच पेंड खात होतं. नातू झाल्यापासून मधल्या खोलीत मशीनचा खडखडाट सुरू झाला रे झाला की पोर घर डोक्यावर घेई. सूनबाई तोंडाने काही बोलत नसे, पण तिचे डोळे खोल गेले होते. म्हणून वायरमननी जाण्याआधी मागचं खोपट साफ केलं, फुटके माठ आणि गंजलेले पत्रे फेकून दिले आणि जाहीर केलं, "हे तुझं दुकान." घरमालकाने तिथवर वायर ओढायला साफ नकार दिला. वायरमन हसले. "नाही तर नाही. सूर्य काय ह्याच्या बापाचा आहे?"

मग त्यांनी कुठून तरी सोलरचे सुटे सेल आणले. कांद्याच्या सालीसारखे पातळ, जरा जोरात धरले की गेलेच. मागच्या दारात, सोल्डरिंगच्या तापत्या सळईची वायर पोचेल तिथवर बसून ते एकेक सेल चपट्या पट्टीने पुढच्याला जोडत. अशा ओळी काचेवर मांडायच्या, चौकट मारायची, पॅनेल खोपटावर चढवायचं. खाली जुन्या गाडीची बॅटरी, तिच्यावर एक दिवा आणि मशीनला छोटी मोटर. दोन ओळी झाल्या, आणि एका दुपारी वायरमन बसल्या जागी कलंडले. ते काही उठले नाहीत.

मुलगा म्हणाला, "आई, आता शिवण बस कर. मी आहे ना मिळवता! मशीन देऊन टाकू. पलीकडच्या गल्लीतल्या बाई रविवारी न्यायला येते म्हणाल्यात."

"आणि मी काय करू? तुमच्या तोंडाकडे बघत बसू दिवसभर?"

"अगं, खोपटात वीज असती तर गोष्ट वेगळी होती."

"मग करते वीज."

मुलाला वाटलं, आई काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. पण दुसऱ्या दिवशी टेलरबाई मागच्या दारात चष्मा लावून बसलेल्या. सोल्डरिंग त्यांना नवीन नव्हतं, नवऱ्याच्या हाताखाली कितीदा काम केलं होतं. मुलगा दिवसभर कामावर, त्यामुळे पट्टी कुठून कुठे न्यायची, हे विचारायला मात्र कोणी नव्हतं. तेव्हा त्यांनी तेच केलं जे त्या जन्मभर करत आल्या होत्या. गिऱ्हाईक मापाचा जुना कपडा देतं, तो उलटापालटा करून बघायचा आणि डोळे मिटून तस्सा शिवायचा.

वायरमनच्या दोन ओळी सारख्या नव्हत्या, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पहिलीत पट्टी एका सेलच्या वरून निघून पुढच्याच्या खाली जात होती. दुसरीत वरची वरच्याला, खालची खालच्याला. टेलरबाईंनी फार डोकं चालवलं नाही. पहिली कच्ची असणार, चाचणीची, आणि नंतर केलेली पक्की. शिवाय दुसरी ओळ त्यांना ओळखीची वाटली. कापड जोडताना आपण सुलटीला सुलटच तर लावतो! त्यांनी उरलेल्या सगळ्या ओळी दुसरीसारख्या केल्या, हूं की चूं न करता. एकही सेल फुटला नाही. त्याचा आनंदही झाला नाही.

शनिवारी सकाळी मुलाने पॅनेल अंगणात उन्हात धरलं आणि बाबांचा मीटर लावला. काटा हलला, पण नावापुरता. त्याने वायरी दाबून पाहिल्या, काच पुसली, मग एकेका ओळीला मीटर लावत गेला. पहिली ओळ ठीक. पुढे सगळा ठणठणाट.

"आई, हे चुकलंय गं. सेलच्या वरच्या बाजूने पुढच्याच्या खालच्या बाजूला जायचं असतं. वरची-वरची जोडली की दोघं एकमेकांना मारतात. कुणी सांगितलं तुला असं जोडायला?"

"तुझ्या बाबांचं बघून केलं. ती दुसरी ओळ त्यांची."

मुलाने दुसरी ओळ बघितली. मग एकदम आवाज मऊ करून म्हणाला, "राहू दे आई. ह्याला हात नको लावूया. बाबांच्या हातचं शेवटचं आहे. मी घरमालकाच्या पाया पडतो पाहिजे तर."

"त्याने ऐकलं नाही तर उद्या मशीन जाणार. आण इकडे."

चुकलेली शिवण उसवायची, त्यात काय एवढं. टेलरबाईंनी सोल्डरिंगची सळई तापवली आणि आधी वायरमनचीच ओळ घेतली. पहिला सांधा सुटला. दुसऱ्याशी हात थांबला. इथे सोल्डरचा गोळा झाला होता, सेलचा कोपरा भाजून तपकिरी पडला होता. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. एकेक सांधा काढून पुन्हा लावलेला, पुन्हा काढून पुन्हा तस्साच चुकीचा लावलेला. वारंवार उसवलेलं कापड टेलरबाई बोटांनी ओळखत, आणि हे तेच होतं.

"अरे, तुझे बाबा ओळ झाली की मीटर लावायचे का?"

"लावल्याशिवाय पुढे जायचेच नाहीत. का गं?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. काटा हलत नाही, हे दिसलं होतं. आणि जो माणूस नुसत्या वासावरून कुणाच्या घरात कुठली वायर जळली ते सांगायचा, त्याला आपल्याच हातातली चूक सापडत नव्हती. डोक्यात काहीतरी बिघडतंय, हे त्या दारात बसून एकट्याने ओळखलं होतं त्यांनी. आणि आतून टेलरबाई विचारत, "झालं का हो?" तर म्हणायचे, "झालंच समज."

टेलरबाईंना राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आलं ते हे!

"झालंच समज म्हणे! काय समजायचं मी, कपाळ? डॉक्टरकडे नेलं असतं ना तुम्हाला! ओढत नेलं असतं!"

"आई, कोणाशी बोलतेस?"

"तू पट्टी धर नीट!" त्या एकेक सांधा सोडवत होत्या, फिरवून जोडत होत्या आणि तोंडाचा पट्टा सुरूच होता. "घाबरलात तर घाबरलात. माणूस घाबरतो. मी काय हसले असते तुम्हाला? मी भिंतीपलीकडे होते हो, हाक मारली असती तरी आले असते." आत पोर जागं होऊन रडायला लागलं. सूनबाई त्याला घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

शेवटची ओळ जोडून झाली. मुलाने पॅनेल उन्हाकडे वळवलं, मीटर लावला आणि ओरडला, "आई, बघ! काटा बघ! उद्या त्या बाईंना नको म्हणून सांगतो!"

"मला सांगायचं होतं ना हो," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी मीटरकडे पाहिलं. डोळ्यांत इतकं पाणी भरलं होतं, की त्यांना काटा काही दिसेना.