कागदावरची पट्टी

दक्षिण आफ्रिकेतल्या कोमानी गावच्या म्लुंगिसी वस्तीत सिंडिले माबांडला यांना नावानं कोणी हाक मारत नसे. पोरं ‘तिचाला’ म्हणत, म्हणजे मास्तर, आणि बरोबरीची माणसं ‘जोला’ या कुळाच्या नावानं बोलावत. चोवीस वर्षं दर शनिवारी ते वस्तीच्या सभागृहात पोरांना वाद्यं वाजवायला शिकवत होते. भिंतीवर डो-रे-मीचा पिवळा पडलेला तक्ता होता. तिचालांची छडी त्यावर नाचली की साठ पोरं त्याबरहुकूम वाजवत. डो कुठल्याही पट्टीत धरा, बाकीचे सूर त्याच्यामागून मुकाट येतात. अख्ख्या कोमानीतली चर्चची गाणी याच तक्त्यावर वाढली. पाश्चात्य स्वरलिपीतले पाच रेघांवरचे काळे ठिपके मात्र तिचालांना वाचता येत नव्हते. हे त्यांनी चोवीस वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि यांची मूठ तर भलतीच घट्ट.

त्या जूनमध्ये शिकागोहून डेलन वेदर्स नावाचा जॅझवाला आला, तीन दिवस शिकवायला. पियानो वाजवणारा, उंच, हसरा माणूस. आसपासच्या शाळांमधले अकरा संगीतशिक्षकही आले आणि मागच्या खुर्च्यांवर कोट घालून बसले.

पहिल्याच सकाळी वेदर्सनं पियानोवर एक तुकडा वाजवला आणि विचारलं, “कोण उत्तर देतं?”

एसोना उठली. तिचालांकडे नऊ वर्षं शिकणारी, सतरा वर्षांची पोर. तिनं सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि असं काही उत्तर दिलं की वेदर्स वाजवायचा थांबला. परत वाजवायला लागला, परत थांबला. शेवटी तो नुसता मान हलवत बसला. मागच्या खुर्चीत तिचालांचे डोळे भरून आले. लग्न नाही, मूलबाळ नाही, या माणसाचं जे काही होतं ते त्या पोरीच्या फुंकरीत होतं.

“हिचं काय करताय तुम्ही इथे?” जेवणाच्या सुट्टीत वेदर्स तिचालांना म्हणाला. अकराही शिक्षक आजूबाजूला हातात अमाग्विन्या घेऊन उभे होते, आणि तळलेल्या त्या गोळ्यांचं तेल त्यांच्या बोटांवर चमकत होतं. “किनाऱ्यावरच्या कॉलेजात माझी ओळख आहे. राहणं-खाणं सगळं त्यांचं. मी पत्र लिहितो. फक्त तिनं न पाहिलेलं एक पान वाचून वाजवायचं, मी ते रेकॉर्ड करून पाठवायचं. शुक्रवारी करू. वाचता येतं ना तिला?”

शेजारच्या शाळेतला एक शिक्षक खोकला. तो मुद्दाम खोकला असं तिचालांना वाटलं. चोराच्या मनात चांदणं.

“येतं की,” ते म्हणाले. “मीच शिकवलंय.”

दुसऱ्या दिवशी सभागृह रिकामं असताना तिचालांनी पियानोवरच्या गठ्ठ्यातलं ‘सॅक्सोफोन, शुक्रवार’ असं लिहिलेलं पान फोनवर टिपलं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या नोबांतूबाई तेवढ्या ठिपके वाचणाऱ्या. दुपारीच त्यांनी बाईंचं दार ठोठावलं.

“जोला, हे तुझं तू नाही का वाचत?” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“चष्मा फुटलाय.”

“नाकावर आहे तो काय दरवाजा आहे का?” बाई हसल्या, पण अधिक काही विचारलं नाही. पेन्सिलीनं सगळं पान डो-रे-मीत उतरवून दिलं आणि वर लिहिलं: डो म्हणजे पांढरी एक.

संध्याकाळ होईपर्यंत तिचालांनी पियानोची पांढरी एक दाबून ते पान एसोनाच्या कानात उतरवलं. दोन तासांत तिला पाठ झालं.

“तिचाला,” ती म्हणाली, “त्यांना खरं सांगून टाकू या का? मला नाही येत म्हणून?”

“तुला नाही येत असं नाही, मला नाही येत असं होईल ते. अकरा जणांसमोर.”

“मग होऊ दे की.”

“एकदा तिथे पोचलीस की शिकशील सगळं. आता पुन्हा वाजव.”

तिनं वाजवलं. पोर गुणी होती, आणि तिचा गुणच तिला नडला.

शुक्रवारी वेदर्सनं पान स्टँडवर ठेवलं, फोन चालू केला. साथ नाही, एकटीनंच वाजवायचं, असा कॉलेजचा नियम होता. एसोनानं पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत एकही चूक केली नाही. टाळ्या पडल्या. वेदर्सनं टाळी वाजवली नाही. पियानोपाशी जाऊन त्यानं पांढरी एक दाबली, मग काळी दोन.

“हे पान या सॅक्सोफोनसाठी लिहिलेलं आहे,” तो हळूच म्हणाला. “कागदावर दिसते पांढरी एक, पण बोटं कागदाप्रमाणे ठेवली की वाद्यातून निघते काळी दोन. ते वाद्यच तसं बनवलंय. वाचून वाजवणाऱ्याला दुसरं काही वाजवताच येणार नाही. तू सगळं बरोबर वाजवलंस, पण पांढरी एकमध्ये.” त्यानं चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. “इथून वाजव बरं.”

एसोना कागदाकडे पाहत राहिली. तिला ती ओळ कुठली ते कळेना. तिचालांच्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. चोवीस वर्षं सॅक्सोफोन शिकवला आणि एवढी साधी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. कानानं शिकणाऱ्याला ती ठाऊक असण्याची कधी गरजच पडली नव्हती.

“वाचता येत नाही म्हणाला असतात तरी मी पत्र लिहिलं असतं,” वेदर्स म्हणाला. “तिथे अशा मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. आता मला फक्त एवढं सांगा, हे कोणी केलं? पोरीला कोणी करायला लावलं असेल, तर मी अजूनही लिहीन. तिनं स्वतः फसवलं असेल, तर माझा हात नाही चालणार.”

अकरा जोडी डोळे तिचालांवर. एकच वाक्य बोलायचं होतं, तेही लहानसं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

“मीच केलं,” एसोना म्हणाली. “पान मीच टिपलं. तिचालांनी वाचायला शिकवलं होतं, मी कधी लक्षच दिलं नाही.”

वेदर्स तिचालांकडे वळला. “खरं आहे हे?”

तिचालांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, फडक्यानं सॅक्सोफोनचं तोंड पुसत होती, त्यांनीच शिकवलं होतं तसं, आतून बाहेर.

“हो,” ते म्हणाले. “शिकवलं होतं मी.”

मग शिक्षकांना प्रमाणपत्रं वाटली. तिचालांचं नाव पुकारलं गेलं, ते पुढे गेले, फोटो निघाला. त्या फोटोत ते हसताहेत. माणूस इतका कसा पडतो, असं कोणी विचारलं तर तो फोटो दाखवावा.

बाहेर दाराशी एसोनानं सॅक्सोफोनची पेटी त्यांच्या हातात दिली.

“का केलंस तू?” त्यांनी विचारलं.

“तुमचा वर्ग बंद पडला असता, तिचाला. साठ पोरं आहेत.” ती थांबली. “आणि मला वाटलं, ‘खरं आहे का’ विचारल्यावर तुम्ही ‘नाही’ म्हणाल.”

ती पुन्हा सभागृहात आली नाही. वर्ग चालू आहे, तक्ता तसाच आहे. एसोना बाजारातल्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसते. तिच्यापुढे माणसं नसली तरी तिचाला दुसऱ्या रांगेत उभे राहतात. ती रांग बऱ्याचदा दारापर्यंत गेलेली असते.